गफूरचाचांनी थांबवलेला रोटर

चाचा, आज सकाळी दहाला रोटरचा स्विच मीच खाली ओढला. तुमच्या जागेवर अजून कोणी आलेलं नाही. रोटर दोन-चार गिरक्या घेऊन थांबला, चरातलं पाणी थोडा वेळ आपल्याच नादात पुढे सरकत राहिलं आणि मग तेही उभं राहिलं. मी सवयीने तुमच्या खोलीकडे पाहिलं. आता तांब्या घेऊन तुम्ही हातपंपाकडे निघाल, असं वाटलं. तुम्हाला जाऊन आज नववा दिवस आहे हे माहीत असूनही वाटलं.

तुमच्या मयतीच्या दिवशी मी आले नाही. बायका कबरस्तानात जात नाहीत हे खरं, पण घरापर्यंत यायला कोणी अडवलं नव्हतं. निरोप आला तोवर दिग्रसची एसटी निघून गेली होती, असं मी इथे सगळ्यांना सांगितलं. ती थाप होती. दुसरी एसटी दोन तासांनी होती. मला चाचीसमोर बसायची हिंमत होत नव्हती. तीन वर्षं तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, आणि ती पोटात ठेवून तुमच्याच घरात बसून रडणं मला जमलं नसतं.

गोष्ट एवढीच, की ज्या तक्रारअर्जामुळे तुम्हाला इथून हलवलं तो अर्ज मी लिहिला होता.

आता पहिल्यापासून लिहिते. तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून मी माझे कागद तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला मोडता घालायचात. आज मोडता घालणारं कोणी नाही, तेव्हा जरा लांबेल.

मी इथे रुजू झाले तेव्हा सांडपाणी शुद्ध करायचं हे केंद्र नवंकोरं होतं. वसाहतीतल्या संडास-मोऱ्यांचं पाणी त्याआधी थेट नाल्यात जायचं. नाला खालच्या पोडावरून, कोलामांच्या वस्तीवरून वाहतो आणि पोडावरच्या बायका त्याच नाल्याच्या वाळूत झिरा खणून प्यायचं पाणी भरतात. दर पावसाळ्यात पोडावर हगवण ठरलेली, आणि त्यात एखादं लेकरू जायचंच. म्हणून वसाहतीमागे घाण्याच्या बैलाच्या वाटेसारखा एक लांबट गोल चर बांधला आणि त्यावर आडवा, दातेरी रोटर बसवला. रोटर फिरला की पाणी उसळतं, पाण्यात हवा मिसळते, आणि त्या हवेवर जगणारे जिवाणू घाण खाऊन टाकतात. जिवाणूंचाच गाळ होतो. पुढच्या निवळणीच्या टाकीत तो तळाला बसतो, वरचं स्वच्छ पाणी नाल्यात जातं आणि गाळ परत चरात येतो. कागदावर हे सगळं फार सोपं होतं, आणि मी आले ती कागदावरूनच आले होते.

अमरावतीची बी.एस्सी. आणि पत्र्याच्या खोलीतली प्रयोगशाळा. फाटकाशी तुम्ही मला अडवलंत. "कोनाकडे आल्या बाई? पाहुण्या हाय का?"

"मी इथली केमिस्ट आहे."

तुम्ही मला खालून वरपर्यंत पाहिलंत, मग खोलीतली एकुलती एक खुर्ची फडक्याने पुसलीत. "मंग बसा. खुर्ची एकच हाय, थे आता तुमची." त्या दिवसापासून तुम्ही तेलाच्या उपड्या डब्यावर बसलात. पुढे मी दुसरी खुर्ची मागवून घेतली, तरी तुमचा डबा काही सुटला नाही. खुर्चीवर बसलं की झोप येते म्हणायचात.

दिग्रसच्या कापसाच्या जिनात तुमची उभी हयात गेलेली. त्यामुळे इथल्या प्रत्येक गोष्टीला तुमच्याकडे जिनातलं नाव होतं. रोटर म्हणजे रेचा, कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र. गाळ म्हणजे सरकी. मला ते ऐकून हसू यायचं, आणि तुम्हाला माझ्या हसण्याचं हसू यायचं. एक गोष्ट मात्र तुम्ही जिनातून जशीच्या तशी उचलून आणली होती आणि तिच्यावरूनच आपलं जुंपलं. जिनात रूळ तापला की कापसाला जळका वास लागतो, कधी आगही लागते. म्हणून मशीन ठरावीक वेळाने थांबवायचं, हाताची उलटी बाजू बुशला, म्हणजे रूळ ज्यात फिरतो त्या कड्याला, लावून पाहायची आणि हात सहज टिकेल इतकं निवल्याशिवाय सुरू करायचं नाही. इथेही तुम्ही तेच केलंत. सकाळी दहाला एकदा, आणि मग दुपारी जोहरच्या नि दिवस कलताना असरच्या नमाजाला. रोटर थांबला की उडणारे तुषार थांबत. तुम्ही हातपाय धुऊन खुंटीवरचे पाक कपडे घालायचात, खोलीमागे चटई टाकायचात. नमाज झाली की बुशला हात लावायचात, आणि मान हलवून पुन्हा डब्यावर बसायचात. तासभर तरी जायचा. रात्रपाळीच्या माणसालाही तुम्ही हेच शिकवून ठेवलं होतं.

माझ्या पुस्तकात लिहिलं होतं की हवा अखंड हवी. हवा बंद झाली की जिवाणू गुदमरतात.

"चाचा, हे पाणी आहे, कापूस नाही. इथे कशाला आग लागणार आहे?"

"आग नाई लागत, पन बुश जाते. बुश गेला तं तुमचे जिवानू आठ दिवस गुदमरतीन. तासभर बरं का आठ दिवस, तुमीच सांगा."

"पण तासभर तरी त्यांना उपाशी का मारायचं?"

"बाई, रोज्यात मी दिवसभर उपाशी राह्यतो. मेलो का?"

 मी फणकारून आत जायचे आणि तुम्ही मागून चहा पाठवायचात.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, चाचा, आणि रोज घाबरलेली असायचे. वरच्या साहेबांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की घाणीच्या कामावर बाईमाणूस नेमायची कल्पना त्यांची नव्हे. सहा महिन्यांनी पाहू, असं म्हणाले होते. त्या हिवाळ्यात ते तपासणीला येणार होते आणि नेमका त्याच आठवड्यात पाण्यातला अमोनिया वाढला. थंडीत जिवाणू सुस्तावतात, हे आज मला झोपेतही सांगता येईल. तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं, की हे तुमच्या थांबवण्यामुळे झालं आणि बोल मला लागणार. मी टेबलाशी बसून चार ओळींचा अर्ज लिहिला. मिस्त्री दिवसातून तीनदा रोटर बंद ठेवतात. सांगूनही ऐकत नाहीत. त्यामुळे अमोनिया वाढला आहे. आणि चौथ्या ओळीत लिहिलं, की हे ते कामचुकारपणाने करतात.

हा शब्द लिहिताना तुम्ही खिडकीबाहेर बुशला तेल देत होतात. तुमचा हात कोपरापर्यंत काळा होता. मला ते दिसत होतं आणि तरी मी लिहिलं. नुसतं 'थांबवतात' म्हटलं तर कोणी लक्ष देणार नाही, अशी मी माझी समजूत घातली.

साहेब आले, तुम्हाला बोलावून घेतलं, दार लोटलं. तुम्ही बाहेर आलात ते हसतच. "मले नळाच्या पंपावर पाठवून राह्यले, बाई. बुशकडे लक्ष ठेवजा." एवढंच म्हणालात आणि खुंटीवरचे कपडे पिशवीत घातलेत. तुम्ही काही विचारलं नाहीत, म्हणून मीही काही सांगितलं नाही. तक्रार कोणी केली हे तुम्हाला कळलं नाही, असं मी धरून चालले.

मग मी माझं राज्य सुरू केलं. बुशवर थेंबथेंब तेल पडेल अशी वाटी बसवून घेतली, वर ओलं पोतं टाकलं आणि रोटर रात्रंदिवस चालू ठेवला. आठ-दहा दिवसांत अमोनिया जवळजवळ संपला. मी आकडे तावावर सुबक लिहून साहेबांना पाठवले. आईला पत्रात लिहिलं की मी एकटीने केंद्र सुधारलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसा माझा थाट.

तिसऱ्या आठवड्यात निवळणीच्या टाकीतला गाळ वर यायला लागला. आधी एखाद-दुसरा गोळा यायचा, भिजलेल्या भाकरीच्या तुकड्यासारखा, आणि त्याच्या अंगाला बारीक बुडबुडे चिकटलेले असायचे. मग सगळी टाकीच त्याने झाकली गेली. तो काठावरून ओसंडून नाल्यात जाऊ लागला. मला वाटलं गाळाला हवा कमी पडते, म्हणून मी रोटर आणखी खोल बुडवला. गाळ आणखी वर आला. मी वाळू उपसायची जाळी लावून पाहिली, माणसं लावून गोळे काढले, चुना टाकला. एका संध्याकाळी टाकीच्या काठावर बसून मी रडलेसुद्धा, आणि रडताना माझ्या पायाशी गाळाचे गोळे एकामागून एक वर येत होते.

दुसऱ्या दिवशी पोडावरची गिरजाबाई आली. डोक्यावर घागर. आत येऊन तिने ती माझ्या टेबलावर, वहीवरच ठेवली. आत झिऱ्याचं पाणी होतं, काळपट, वास मारणारं.

"तू शिकेल हायेस ना? मंग हे पिऊन दाखव. मी इथंच उभी राह्यतो."

मी तिच्याकडे न बघता घागरीखालची वही ओढू लागले.

"पावसाळ्यात पाणी चांगलं होतं. थ्या म्हाताऱ्याच्या टायमाले. माह्या नातवाले यंदा हगवन नाई लागली म्हून मी देवाले कोंबडं देल्लं. आता काय कोंबडं परत मागू का?"

ती घागर तशीच ठेवून गेली. चार दिवसांत साहेबांचा कागद आला. पंधरा दिवसांत सुधारणा झाली नाही तर चर बुजवावा आणि पाणी पूर्वीप्रमाणे नाल्यात सोडावं. माझी नोकरी जाणार हे उघडच होतं. पण खरं सांगते, त्या कागदात मला नोकरी दिसली नाही. गिरजाबाईचा नातू दिसला. तो कधीमधी फाटकाशी येऊन रोटरचे तुषार अंगावर घ्यायचा आणि तुम्ही त्याला हाकलायचात.

गिरजाबाईचा 'म्हाताऱ्याच्या टायमाले' हा शब्द डोक्यातून जाईना. मी जुनी नोंदवही काढली. तुमच्या काळात गाळ एकदाही वर आलेला नव्हता. एका आठवड्यात तेवढा आला होता, आणि तो तुम्ही भाचीच्या लग्नासाठी रजेवर गेलात तो आठवडा. तेव्हा बदली माणसाकडून मी हट्टाने अखंड रोटर चालवून घेतला होता.

तुम्ही पंपावरून सुटी घेऊन घरी गेल्याचं कळलं, म्हणून मी दिग्रसची एसटी पकडली. हंगामाचे दिवस, कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. तुमची गल्ली विचारत विचारत गेले. तुम्ही ओट्यावर बसून शेजाऱ्याच्या शिवणयंत्राचं चाक जुळवत होतात. मला पाहून तुम्ही आत ओरडलात, "अजी, केमिस्ट बाई आल्या, चहा टाका." जणू मी रोजच येत होते.

मी वाटेत वाक्यं जुळवली होती. चाचा, अर्ज मीच लिहिला, मला माफ करा. तोंडातून निघालं ते असं, "साहेबांनी तुम्हाला परत बोलावलंय."

तुम्ही माझ्याकडे क्षणभर पाहिलंत. "सायबानं? मंग तं याच लागन." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पिशवी घेऊन फाटकात हजर. साहेबांना परवानगीसाठी मी मागाहून तार केली.

तुम्ही आल्या आल्या काहीच केलं नाहीत, टाकीभोवती दोनदा फिरलात. मग चाचीच्या लोणच्याची काचेची बरणी पिशवीतून काढलीत, चरातलं पाणी तिच्यात भरलंत आणि खिडकीत ठेवून समोर डब्यावर बसलात. मी काहीतरी बोलायला गेले तर हात वर केलात. अर्ध्या तासात गाळ छान तळाला बसला. वरचं पाणी काचेसारखं. "बसला," मी म्हणाले. "थांबा जराक," तुम्ही म्हणालात. आणखी तासाभराने तळातून बुडबुडे सुटले आणि बसलेला गाळ आख्खाच्या आख्खा, थाळीसारखा, वर उचलला गेला.

"पह्यले बसते, मंग उठते," तुम्ही म्हणालात. "म्हंजे जड नाई असं नाई. थ्याच्या पोटात वारा होऊन राह्यला. म्हशीचं पोट फुगते तसं."

"मग काय करायचं?"

"वारा तं होईनच. कोंडून थोडीच ठेवता येते? थो कुठी सोडाचा, एवढंच आपल्या हातात हाय. शेवटच्या टाक्यात सुटला तं गाळ घेऊन वर येते. इथंच चरात सुटू द्या ना, बाई. मशीन थांबवली का थो इथंच सुटते. मंग पुढं न्याले राह्यतेच काय?"

मी कपाटातून पुस्तक काढलं, चाचा.  पुस्तकात मी अर्धंच वाचलं होतं. हवा असताना जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, तिथेच माझं पान संपत होतं. पण हवा बंद झाली की दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेला नत्र वायू होऊन निघून जातो. तोच तुमचा वारा. मी जितकी हवा देत होते तितकं नायट्रेट साठत होतं, आणि ते सगळं निवळणीच्या टाकीत, हवा नसलेल्या तळाशी जाऊन वायू सोडत होतं. तुम्ही तीनदा थांबवायचात, म्हणून ते चरातच उरकायचं. बुश निवत होता तेवढ्या वेळात पाणीही मोकळं होत होतं.

मी धावत जाऊन नमुने घेतले. रोटर थांबवण्याआधीचा एक, तासभर थांबलेल्या चरातला एक. चाचणीत पहिल्याला हळदीसारखा पिवळा रंग आला आणि दुसऱ्याला जेमतेम छटा. मी तुम्हाला दोन्ही बशा दाखवून सगळं समजावलं, जिवाणू, प्राणवायू, नत्र, फळ्यावर बाण काढून. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "मंग मी तेच तं म्हनलो."

पुन्हा दहा, जोहर आणि असर सुरू झालं. रोटर थांबला की चरातून बारीक फसफस ऐकू यायची. टाकी आठवड्याभरात निवळली. साहेब आले तेव्हा त्यांना दाखवायला गाळ नव्हता. अमोनियाही कमी आणि नायट्रेटही कमी, असं पाणी आपण नाल्यात सोडलं. चर बुजला नाही. गिरजाबाई तिची घागर न्यायला आली आणि जाताना तुमच्या डब्यावर मोहाच्या फुलांचा पुडा ठेवून गेली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, आणि ते रास्तच होतं.

पुढची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती, हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपण भांडलो किती. मला थांबवायच्या वेळा घड्याळाने पक्क्या हव्या होत्या, तक्त्यात लिहायला. तुमच्या वेळा सूर्याबरोबर सरकायच्या. हिवाळ्यात असर लवकर, उन्हाळ्यात उशिरा. मी म्हणायचे नोंदी बिघडतात. तुम्ही म्हणायचात, "पाण्याले विचारा, थ्याची काही तक्रार हाय का?" मी खरोखर वर्षभर मोजून पाहिलं. पाण्याची काही तक्रार नव्हती. आणि हे होतं ते विश्रांतीमुळे की भुकेमुळे, हा आपला वाद तर मिटलाच नाही. तुम्ही म्हणायचात पाण्याला दम मिळतो. मी म्हणायचे दमबिम काही नाही, हवेवाचून जिवाणू नाइलाजाने नायट्रेट खातात. गेल्या महिन्यात तुम्ही तापाने अंथरुणावर असतानाही निरोप पाठवलात, की नाइलाजाने चांगलं काम करते त्यालाच तर दम म्हणतात. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. तसंच राहिलं.

सूक्ष्मदर्शक आला तो दिवस आठवतो? मी चरातला एक थेंब काचेखाली धरला आणि तुम्हाला बोलावलं. तुम्ही हात धुतलेत, टोपी नीट केलीत आणि एक डोळा मिटून वाकलात. देठावर डुलणारे, उलट्या घंटांसारखे जीव होते, तोंडाशी केसांची झालर फिरवणारे. तुम्ही इतका वेळ वाकून राहिलात की मला वाटलं पाठ धरली.

"हे आपल्याच गटारातले?"

"आपल्याच चरातले."

"सुभानअल्ला," तुम्ही हलकेच म्हणालात. "एवढ्या घानीत एवढं नाजूक काम."

त्यानंतर तुम्ही रोटर कधी झटक्यात सुरू केला नाहीत. पट्टा आधी हाताने एक-दोन वेळा फिरवून मग स्विच. मी म्हटलं याने काही फरक पडत नाही. तुम्ही म्हणालात, "तुमाले नसन पडत."

मी तुमच्याकडून पाहायला शिकले. वासावरून अमोनिया ओळखायला, फेसाच्या रंगावरून गाळाचं वय सांगायला, आणि कोणताही आकडा लिहिण्याआधी हाताची उलटी बाजू लावून बघायला. माझ्या अहवालात मी तुमचं नाव लिहिलं. ते सोपं होतं, त्यात माझं काही जात नव्हतं. त्या अर्जाचं मात्र दर ईदला बोलू, दर दिवाळीला बोलू, असं करत राहिलं.

परवा रविवारी शेवटी दिग्रसला आले. चाची इद्दतीत आहेत, घराबाहेर पडत नाहीत; आतल्या खोलीत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले आणि जे तुम्हाला सांगायचं होतं ते त्यांना सांगून टाकलं. म्हटलं, तो अर्ज माझा होता.

चाचींनी माझा हात धरला. "बेटी, थे तं आमाले पह्यल्या दिवसापासून माहीत होतं. सायबानं तो कागद त्याईले वाचून दाखवला ना. पूरा. मंग इचारलं, मिस्त्री, हे खरं हाय का? खोटं असन तं आत्ता बोल, थ्या पोरीले मी उद्याच घरी धाडतो. बाईमानूस इथं ठेवाचंच नोहतं मले."

"मग?"

"मंग काय. हे म्हनले, खरं हाय साहेब. बाई खोटं लिवत नाई."

मी विचारलं, "चौथी ओळही वाचली होती का, चाची?"

त्यांनी धरलेला हात सोडला नाही. "हो. घरी येऊन मले म्हनत, कामचुकार हा शबद कागदावर लिवाले केवढा लांब असन. आनि हासले. मले आला राग. मी म्हनलं, सांगतलं काहून नाई सायबाले, का बुश तापते म्हून थांबवतो? तं म्हने, मी बोललो असतो तं पोरीची नोकरी गेली असती. आपुन उद्या जिनात बी जाऊ शकतो. थे कुठी जाईन?"

म्हणजे ओट्यावर मी 'साहेबांनी बोलावलंय' म्हणाले तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही चहा पाजलात, बरणी पिशवीत टाकलीत आणि माझं केंद्र वाचवायला आलात. तीन वर्षं रोज माझ्यासमोर डब्यावर बसलात आणि एकदाही त्या शब्दाची आठवण करून दिली नाहीत. परतीच्या एसटीत मी रडले, पण दुःखाने रडले असं म्हणता येणार नाही. एवढं भलं माणूस आपल्या वाट्याला आलं होतं, याचंच ते रडू होतं.

आज दुपारी मी ऑफिसात गेले. तुमची फाइल काढायला लावली. हेडक्लार्क म्हणाले, "बाई, माणूस गेला. आता तो कागद कोण उघडतंय?" मी म्हटलं, उघडो न उघडो. तिथेच बसून दुसरा कागद लिहिला. मिस्त्री गफूर रोटर थांबवत, कारण त्यांना काम कळत होतं. ते कामचुकार नव्हते, तो शब्द मी भीतीपोटी लिहिला. खाली सही केली आणि तो पहिल्या कागदाला टाचून घेतला. साहेबांना तुम्ही सांगितलं होतंत की बाई खोटं लिहीत नाही. तेव्हा ते खरं नव्हतं, चाचा. आज आहे.